हलेल त्याचाच भरवसा

जी वस्तू हलते तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा आणि जी गप्प उभी आहे तिच्याकडे चोराकडे बघावं तसं बघणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा धाकटा दीर आहे. लग्न होऊन मी जालन्यात आले तेव्हा भावजी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. नव्या नवरीशी दीर काय बोलतो? माहेरचं विचारतो, सिनेमाचं विचारतो, फार तर स्वयंपाकावरून थट्टा करतो. भावजींनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "वहिनी, तुमच्या माहेरचा जिना चढताना वाजतो का?" मी भीत भीत म्हटलं, वाजतो. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मंग चांगला हाय," ते म्हणाले, "न वाजणारा जिना मनात काय धरून बसलाय ते कळत न्हाई." मी ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. पुढे संसारात असे प्रसंग पुष्कळ आले, आणि प्रत्येक वेळी ह्यांना वर्तमानपत्रात काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

भावजी काय काम करतात हे पाहुण्यांना सांगताना आमची फार तारांबळ उडते. इथल्या एमआयडीसीत बियाण्यांचे कारखाने आहेत, तिथं वरच्या मजल्यांवर खोलीएवढ्या चाळण्या दिवसरात्र थरथरत असतात. लोखंडाच्या मिलमध्ये तर जमीनच अंगात आल्यासारखी वागते. ही थरथर इमारतीच्या हाडांत उतरू नये म्हणून यंत्रांखाली रबराच्या गाद्या, स्प्रिंगा, तेलाचे दट्टे असलं काय काय बसवलेलं असतं. बसवणारे वेगळे. भावजी नंतर जाऊन बघतात, की त्याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही. रबर वाळून दगड होतं, तेल झिरपून जातं, स्प्रिंग आतल्या आत तुटते, आणि यातलं कुणीही ओरडून सांगत नाही. कारखान्याचा मॅनेजर छाती काढून सांगतो, "साहेब, बसवल्यापासून एकदाही तक्रार नाही." भावजींचा संशय तिथूनच सुरू होतो. "बसवलेलं हाय ते मला दिसून राह्यलं," ते म्हणतात, "ज्या दिवशी गरज पडंल त्या दिवशी ते जागं असंल का, तेवढं सांगा." मग भावजी बॅगेतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढतात, त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावतात, आणि कीर्तनाला बसल्यासारखे डोळे मिटून उभे राहतात. मोजमापाची महागडी यंत्रं त्यांच्याकडे आहेत, लॅपटॉप आहे, वायरींची भेंडोळी आहेत. पण ती सगळी स्क्रू-ड्रायव्हरनं परवानगी दिल्यावर बाहेर येतात.

घरीसुद्धा या स्क्रू-ड्रायव्हरला सुटी नसते. माझ्या फ्रीजला त्यांनी इतक्या वेळा तपासलंय की तो बिचारा आता त्यांची चाहूल लागली की आपोआप बंद होतो. हॉटेलात टेबल डुगडुगलं तर तुम्ही आम्ही पायाखाली कागदाची घडी सारतो आणि डोसा मागवतो. भावजी टेबलाखाली जातात. डोसा येतो, गार होतो, आणि टेबलाखालून आवाज येतो, "पाय बराबर हाय वहिनी, फरशीत खोट हाय." एकदा शेजारच्या काकूंनी नवं वॉशिंग मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी कपडे पिळताना ते उड्या मारत मोरीतून निघालं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं. काकूंनी हात जोडले. काकांनी त्याला दोरीनं नळाला बांधलं, तर दुसऱ्या दिवशी ते नळ घेऊन आलं. शेवटी भावजींना बोलावणं गेलं. त्यांनी मशीनच्या पाठीतून लांब लांब बोल्ट काढून काकांच्या हातावर ठेवले. प्रवासात आतलं पिंप हलू नये म्हणून कारखान्यात ते आवळलेले असतात, घरी आल्यावर काढायचे असतात. "आतल्याला हलू दिलं न्हाई म्हणून बाहेरचं हलून राह्यल्तं," एवढंच भावजी बोलले आणि घरी आले. मशीन तेव्हापासून जागेवर आहे. काका मात्र अजून त्याच्याकडे पाठ करून उभे राहत नाहीत.

भावजींचं लग्न झालं नाही. याचं खापर ते नशिबावर फोडत नाहीत आणि मीही फोडत नाही, कारण मी स्वतः हजर होते. केदारखेड्याचं स्थळ होतं, चांगलं खाऊन पिऊन सुखी घर, दुमजली नवं बांधकाम. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा खुर्ची रिकामी. आम्ही इकडे तिकडे बघतोय तोच वरून धप्प, धप्प असे आवाज यायला लागले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा वर काय करून राह्यलाय?" मी म्हटलं, त्यांना व्यायामाची आवड आहे. ह्यांनी आजूबाजूला वर्तमानपत्र शोधलं, तिथं ते नव्हतं, म्हणून पोह्यातले शेंगदाणे वेचायला घेतले. भावजी खाली आले ते घामाघूम, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, बाकी सगळं बिलकुल चांगलं हाय, पण गॅलरी उतरवा." मुलीकडे त्यांनी बघितलं की नाही याबद्दल आमच्या घरात आजही मतभेद आहेत. नकार अर्थातच आला. महिन्याभरानं मी चिडून काहीतरी बोलले, तर म्हणाले, "नकाराचं जाऊ द्या हो वहिनी. मी परवा तिकडून गेल्तो. त्यांनी गॅलरी उतरवली." इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी पुन्हा फार कमी वेळा बघितलं. ती मुलगी पुढे वाटूरला दिली. बसस्टँडवर भेटली की अजून विचारते, "तुमचे दीर बरे हायत ना?" मी म्हणते, बरे आहेत, उड्या मारतात.

आता आमच्या गावाचा स्वभाव सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जालना हे लोखंडाचं गाव. इथं दर दोन गल्ल्यांना एक वेल्डर आहे आणि काहीही ढिलं दिसलं की त्याच्याकडे न्यायचं, ही रीत आहे. फाटक कुरकुरलं, टाका मारा. बाज हलली, टाका मारा. माणसाची कदर करायची तर इथं म्हणतात, "पक्का माणूस हाय." पक्कं म्हणजे चांगलं, हे आमच्या लेकरांना बोलायला लागायच्या आधी कळतं. अशा गावात भावजी जन्मभर सांगत फिरतात, की बाबांनो, काही वस्तूंना हलू द्या, त्या हलतात म्हणून तुम्ही उभे आहात. लोक ऐकून घेतात, चहा पाजतात, आणि त्यांची पाठ वळली की टाका मारतात.

मी मुलींच्या शाळेत होते. आधी खेळाची बाई, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका. पण मुख्याध्यापिका हे काम झालं, लेझीम हा माझा जीव. आमच्या पोरींची लेझीम बघायला लोक लांबून यायचे. सगळ्या पोरींचा पाय असा एकदम पडायचा, की डोळे मिटले तर एकच कुणीतरी मोठी पोरगी खेळतेय असं वाटावं. पण हे सगळं मैदानावर. मैदानावर सराटे, धूळ, आणि स्नेहसंमेलनाचा मांडव उडवायला वर्षभर दबा धरून बसलेला वारा. पोरींनी नाचून आल्यावर पायातले काटे काढत बसायचं. मला एक हॉल हवा होता. स्वच्छ फरशीचा, छताचा, जिथं लेझीम नुसती लेझीम असेल. आमच्या संस्थेचे अध्यक्ष एक शेठजी. घराणं मूळ राजस्थानचं, पण इतक्या पिढ्या बियाण्यांच्या व्यापारात इथं गेल्या, की ते मारवाडीसुद्धा मराठवाड्याच्या हेलात बोलतात. मी त्यांच्यामागे इतकी वर्षं लागले, की माझी सावली गेटावर दिसली तरी ते म्हणायचे, "बाई, हॉल ना? बांधू, बांधू." आणि एकदाचा त्यांनी तो बांधला. खाली सायकलींना आणि प्रार्थनेला मोकळी जागा, वर हॉल. मधे एकही खांब नाही, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लोखंडी तुळया. असा मजला पायांच्या तालावर हलतो, म्हणून नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरनं तुळयांखाली स्प्रिंगांवर लोखंडाच्या जड पेट्या टांगायला लावल्या होत्या. मजला खाली गेला की पेट्या वर जाणार, तो वर आला की पेट्या खाली जाणार, आणि त्याची थरथर गिळून टाकणार, असा तो बेत.

माझी जन्मतारीख एक जून. खरी कुणालाच ठाऊक नाही. आमच्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी तोंडाकडे बघून वर्ष ठरवायचे, आणि तारीख सरसकट सगळ्यांना एक जून. त्यामुळे इकडची अर्धी मास्तरमंडळी एकाच दिवशी निवृत्त होतात आणि त्या दिवशी गावात नारळ महाग होतात. सरकारी हिशेबानं माझा शेवटचा दिवस एकतीस मे, म्हणजे त्या जानेवारीतलं स्नेहसंमेलन माझं शेवटचं. नव्या हॉलमध्ये माझ्या पोरींची लेझीम एकदा, फक्त एकदा बघायची आणि मग घरी जायचं, एवढंच मी मागत होते. शेठजी म्हणाले, "बाई, घरचेच साहेब हायत. पहिल्या कार्यक्रमाआधी त्यांचा एक दाखला घेऊन टाकू, म्हणजे कुणाची कटकट न्हाई." मलाही ते पटलं. घरचाच माणूस, एक सही करेल आणि जेवायला येईल. मीच त्यांना डबा बांधून देऊन शाळेत घेऊन गेले.

भावजींनी फरशीवर टाचा आपटल्या, वायरी लावल्या, शिपायांना पळवलं, मला पळवलं, मग लॅपटॉप बघितला. "मजला हलून राह्यला," ते म्हणाले, "पण खालच्या पेट्या झोपलेल्या हायत. मला पेट्या पाहू द्या." पेट्यांखाली शेठजींनी हौसेनं पांढरं शुभ्र छत करून घेतलं होतं, त्यावर सोनेरी फुलं. "साहेब, रंग कालच वाळलाय," शेठजी कळवळून म्हणाले. भावजी शिडीवर चढलेच होते. एक सोनेरी फूल खाली आलं, मग दुसरं आलं, आणि मग वरचं सगळं दिसलं. प्रत्येक पेटी लोखंडाच्या पट्ट्यांनी तुळईला वेल्ड करून टाकलेली. बांधकामावरचा मुकादम शेजारीच उभा होता. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "साहेब, फरशी बसवताना ह्या पेट्या हलून राह्यल्त्या, कुरकुरून राह्यल्त्या," तो म्हणाला, "फिटिंगवाले ढिल्या सोडून गेल्ते. मी माणूस लावून सगळ्या पक्क्या करून घेतल्या. एक पण सोडली न्हाई." भावजी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "काम सुंदर केलंय. टाक्यात एक दोष न्हाई. म्हणूनच एक पेटी वाचली न्हाई." पट्ट्या कापल्या असत्या, पण वेल्डिंगच्या आचेनं स्प्रिंगा गेल्या होत्या, दट्ट्यांतलं तेल जळलं होतं. सगळं नवं मागवायचं, तपासायचं, बसवायचं, म्हणजे जानेवारी हातची गेली.

मी भावजींना बाजूला घेतलं. "मजला पडेल का, एवढं सांगा."

"पडणार न्हाई."

"मग सही करा."

"पडणार न्हाई, पण हलंल. तुमच्या पोरी एका तालात खेळल्या तर चांगला हलंल. एक पोरगी ओरडंल, मंग सगळ्या ओरडतील, आणि सगळ्या जिन्याकडं पळतील. जिना एकच हाय वहिनी."

मी म्हटलं, पोरींना हळू खेळायला सांगते. हळू लेझीम अशी काही चीज नसते, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते चहाला मोठ्या खुशीत आले. तोडगा सापडला होता. पोरींनी एका तालात खेळायचंच नाही. एकीनं पाय आधी टाकायचा, दुसरीनं नंतर, तिसरीनं मनाला येईल तेव्हा. मग मजल्याला काही कळणारच नाही. मी चहाचं पातेलं खाली ठेवलं. "भावजी," मी म्हटलं, "ज्या एका गोष्टीसाठी माझा घसा गेला, ती गोष्ट पोरींनी मुद्दाम चुकवायची?" ते विचारात पडले. माणूस प्रामाणिक, विचारात पडला की खरंच पडतो. बशीतला चहा गार झाल्यावर म्हणाले, "न्हाई, जमणार न्हाई. दुसऱ्या शाळेच्या पोरी असत्या तर मी आत्ता सही केली असती, त्या आपोआप चुकल्या असत्या. तुमच्या चुकणार न्हाईत. खरा धोका तुमच्या शिकवण्याचा हाय." इतकं मोठं प्रशस्तिपत्र मला शिक्षण खात्यानं कधी दिलं नाही, आणि इतका संतापही मला कधी आला नाही.

शेठजी म्हणाले, दुसरा साहेब बघू, उद्या सही करून देतो. हे भावजींच्या कानावर गेलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "आणा," म्हणाले, "मी त्या दिवशी जिन्यात आडवा झोपतो. पोरींना माझ्यावरून जावं लागंल." ते झोपले असते. पाहुण्यांसमोर, उशी घेऊन झोपले असते. शेवटी मीच शेठजींना सांगितलं की दुसरा साहेब नको. मला राग होता, पण या माणसानं आजवर ज्या ज्या वस्तूला नावं ठेवली ती वस्तू पुढे मोडलेलीच मी बघितली होती, आणि पोरी माझ्या होत्या. राग मात्र मी सोडला नाही. घरात मी भावजींशी बोलणं बंद केलं. "भावजींना विचारा, भाकरी हवी का," मी ह्यांना म्हणायचे. वर्तमानपत्रामागून हे विचारायचे, "हवी का?" भावजी म्हणायचे, "अर्धी." आणि हे मला सांगायचे, "अर्धी म्हणतोय." तिघंही एकाच ताटाच्या अंतरावर बसलेले असायचो.

स्नेहसंमेलन मैदानावर झालं. वारा वेळेवर आला. मांडवाची कनात सुटून प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर पडली आणि त्यांचं भाषण आतून ऐकू आलं. पोरींची लेझीम धुळीत अर्धी दिसली, अर्धी नुसती वाजली, पण एक पाय चुकला नाही. नंतर ओळीनं बसून काटे काढले. भावजी मागे उभे होते आणि कुणालातरी सांगत होते, "मैदान भरवशाचं हाय." ते मी ऐकलं, आणि ह्यांच्यामार्फत चालणारं बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं.

पण ते काम त्यांनी ज्या जिद्दीनं धरलं ते सांगायलाच हवं. सही न करता बाजूला होता आलं असतं, कुणी त्यांना दोष दिला नसता. ते रोज शाळेत जायचे. पट्ट्या स्वतः उभं राहून कापून घेतल्या. स्प्रिंगा आल्या, त्यातल्या दोन बाकीच्यांसारख्या दबत नाहीत म्हणून सगळी खेप परत पाठवली. मुकादमाला त्यांनी कामावरून काढू दिलं नाही, उलट त्यालाच शिडीवर चढवून प्रत्येक पेटी हातानं हलवायला लावायचे आणि विचारायचे, "हलली?" तो म्हणायचा, "हलली साहेब." "मंग चांगलं का वाईट?" आधी आधी तो गोंधळायचा. एप्रिलपर्यंत तो छाती काढून म्हणायला लागला, "चांगलं!" पेट्यांखाली आता छत नव्हतं. भावजींनी शेठजींना सांगून टाकलं, की ज्याच्यावर भरवसा ठेवायचा ते झाकायचं नाही, सोनेरी फुलं दुसरीकडं लावा.

राहिली होती ती भरल्या हॉलची चाचणी. शाळेला सुट्ट्या, पोरी गावोगावी पांगलेल्या. शेठजी म्हणाले, जूनमध्ये शाळा भरली की पोरींनाच नाचवू, घाई कशाला. भावजींनी मान हलवली. "पोरींवर चाचणी करायची नसते," ते म्हणाले, "आणि मे संपायच्या आतच करायची." पहिलं म्हणणं सगळ्यांना पटलं. दुसऱ्याचं कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तारीख ठरली एकतीस मे.

त्या सकाळी ऊन असं, की सात वाजताच डांबर मऊ झालेलं. भावजींनी माणसं जमवली होती: आमचे झाडून सगळे नातेवाईक, माझ्याबरोबरच्या निवृत्त बाया, शेठजींच्या घरची मंडळी, मिलमधून रात्रपाळी करून आलेले कामगार. खाली तुळयांना बोटभर जागा सोडून लोखंडी टेकू उभे केले होते, न जाणो म्हणून. भावजी जिन्यात उभे राहून प्रत्येकाला वजन विचारत होते. आमच्या आत्यांनी सांगितलं, "नवऱ्याला सांगितलं न्हाई ते तुला सांगू व्हय?" तेव्हा त्यांनी आत्यांना नुसतं डोळ्यानं तोललं आणि म्हणाले, "भरवशाची मंडळी मधे घ्या." शेठजी आपणहून मधे जाऊन उभे राहिले. मग भावजी खाली पेट्यांपाशी गेले आणि खालून शिट्टी झाली. लोकांनी उड्या मारायला सुरुवात केली. आत्या उडत होत्या, तेव्हा शेठजी उतरत होते. कामगार दमलेले, ते नुसतेच गुडघ्यात वाकत होते. निवृत्त बाया एकमेकींना हसत होत्या. भावजी तरातरा वर आले. "हे काय करून राह्यले? असं केलं तर मजला जन्मात हलणार न्हाई!" मग माझ्याकडे वळले. जानेवारीपासून आम्ही समोरासमोर बोललो नव्हतो. "वहिनी," ते म्हणाले, "हे काम तुमचं हाय."

मी कपाट उघडून लेझिमी काढल्या. ढोल शिपायाच्या गळ्यात घातला. आत्यांच्या हातात लेझीम दिली, शेठजींना दिली, ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि ह्यांनाही दिली. मग मी शिट्टी तोंडात धरली, आणि पुढचा तासभर त्या लोकांची जी हजेरी घेतली ती त्यांनी आजवर विसरलेली नाही. "शेठजी, डावा! डावा म्हणजे जेवणाचा नव्हे तो!" "आत्या, पायाकडे बघू नका, पाय कुठं जात नाहीत!" आधी हळू, मग थोडं भरभर, भावजींनी खालून सांगितलं तसं. हळूहळू ते जमायला लागलं. साठीची, सत्तरीची माणसं, पदर खोचलेल्या बाया, काळ्या हातांचे कामगार, सगळ्यांचा पाय एकदम पडायला लागला. लखलखीत फरशी, डोक्यावर छत, सराटा नाही, धूळ नाही. पायाखालची थरथर यायची आणि कुणीतरी हात ठेवल्यासारखी थांबायची. मला हवा होता तो हॉल हाच होता. पोरी तेवढ्या नव्हत्या. शेवटचा डाव कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मला दिसत नव्हतं.

सगळे पाणी प्यायला गेल्यावर मी खाली उतरले. भावजी मान वर करून पेट्यांकडे बघत उभे होते. इतका वेळ मान वर, ती आता खाली येत नव्हती.

"सही?" मी विचारलं.

"करतो. बराबर काम केलं." मग वरच बघत म्हणाले, "शेवटच्या डावाला ताल जल्दी झाला. तुम्ही कधी जल्दी करत न्हाई. रडून राह्यल्त्या का?"

"हो," मी म्हटलं.

"खाली कळलं मला." "पण तेव्हाही पेट्यांनी धरलं वहिनी. ते एक पाह्यचं राह्यल्तं, तेही झालं."

माझ्या रडण्याचा असा उपयोग करून घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मला हसू आलं, आणि मग पुन्हा रडू आलं, आणि त्याच दुपारी मी निवृत्त झाले.

या जानेवारीत त्या हॉलमध्ये पोरींचं पहिलं स्नेहसंमेलन झालं. नव्या मुख्याध्यापिकेनं मला आग्रहानं बोलावलं, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली, शाल दिली. भावजी आलेच होते, पण वर नाही. ते खाली सायकलींच्या मधे उभे. कुणी वर बोलावलं तर म्हणाले, "तिकडं काय बघायचं?" मी भाषणं ऐकली, स्वागतगीत ऐकलं. मग पोरी लेझिमी घेऊन रांगेत आल्या, ढोलावर पहिली थाप पडली, आणि का कोण जाणे, मी उठले. शाल सावरत जिना उतरून खाली गेले आणि भावजींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पेट्या सगळ्या एका लयीत हलत होत्या, जरासुद्धा मागेपुढे नाही. जन्मभर कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या माझ्या दिरानं तेव्हा माझ्याकडे न बघता विचारलं, "बराबर हाय ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

डाव संपेपर्यंत मी तिथून हलले नाही. वरची लेझीम बघायची मात्र माझी फार इच्छा होती.